पहिला संगणक घेताना: डेस्कटॉप, लॅपटॉप की मिनी पीसी?

संगणकाच्या दुकानात पाऊल टाकले की पहिला प्रश्न येतो तो ‘बजेट किती?’ हा. ग्राहक आकडा सांगतो, त्या आकड्यात बसणारे तीन लॅपटॉप काउंटरवर मांडले जातात आणि डेस्कटॉपचा विषय न निघताच संपतो, कारण दुकानदाराने तो विचारलेला नसतो आणि ग्राहकाला तो सुचलेला नसतो. नातेवाईक, शेजारी आणि ओळखीचे लहान व्यावसायिक यांच्याबरोबर अशा खरेदीला जाण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की कोणत्या प्रकारचा संगणक घ्यावा हे प्रोसेसरच्या आकड्यांवरून ठरत नाही. आपले काम ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते सॉफ्टवेअर, घरातील वीज आणि जवळचा दुरुस्ती करणारा माणूस या तीन गोष्टी तो निर्णय करतात. आकडे त्यानंतर पाहायचे असतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: काम कागदावर लिहून काढावे

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर संगणकावर करावयाची कामे लिहावीत, आणि ती मोघम लिहू नयेत. ‘ऑफिसचे काम’ या दोन शब्दांतून काहीच निष्पन्न होत नाही. माझी मावसबहीण संगमनेरला घरूनच हिशेब लिहिण्याचे काम करते. तिने कागदावर सुरुवातीला एवढेच लिहिले होते. दोनदा विचारल्यावर त्याचे असे झाले: टॅलीप्राइममध्ये सहा दुकानांची खाती, जीएसटीची विवरणपत्रे, डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेले पेनड्राइव्हसारखे साधन), एक्सेल, छपाई, आठवड्यातून एकदा एका ग्राहकाच्या दुकानात जाऊन काम, आणि संध्याकाळी डिप्लोमाला असलेल्या मुलाचा अभ्यास. या एका वाक्यातच तिच्या खरेदीचा निम्मा निर्णय झाला होता.

तो असा. टॅलीप्राइम थेट चालते ते विंडोजवर, त्यामुळे अ‍ॅपलचे मॅक आणि गूगलची क्रोमबुक हे दोन्ही प्रकार तिच्यासाठी तिथेच बाद झाले. डिजिटल सहीच्या टोकनाचे सॉफ्टवेअरही विंडोजवरच सर्वांत कमी कटकटीने चालते. मुलगा स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीचा असेल तर रेव्हिट, सॉलिडवर्क्स आणि स्टॅड प्रो ही सॉफ्टवेअरही विंडोजचीच आहेत. याउलट आयफोनसाठी अ‍ॅप तयार करणाऱ्याला एक्सकोड लागते आणि फायनल कट प्रोवर चित्रफिती संपादित करणाऱ्याला मॅकशिवाय पर्याय नाही, कारण संगणकांपैकी ही दोन्ही सॉफ्टवेअर फक्त मॅकवर आहेत. डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी पाने मांडण्याचे काम करणाऱ्याने आपण ज्या छापखान्याला फायली देतो तिथे कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती आणि कोणते मराठी फॉन्ट वापरतात हे आधी विचारून घ्यावे. स्वतःच्या पसंतीला तिथे फारसा वाव नसतो.

ज्याच्या कागदावर ईमेल, बँकेचे व्यवहार, यूट्यूब, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि अधूनमधून एखादे पत्र एवढेच आहे, त्याला मात्र चारही वाटा मोकळ्या आहेत: विंडोज, मॅक, उबुंटूसारखे मोफत लिनक्स आणि क्रोमबुक. मराठी टंकलेखनाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत आधीपासून असतो. क्रोमबुक घ्यायचे असल्यास एक गोष्ट तपासावी. या यंत्रांना सुरक्षा अद्यतने मिळण्याची शेवटची तारीख प्रत्येक मॉडेलसाठी ठरलेली असते, आणि गूगलने दहा वर्षांचे आश्वासन दिले असले तरी ती वर्षे तो नमुना बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दुकानात तीन वर्षे पडून असलेले यंत्र स्वस्त मिळते त्याचे कारण अनेकदा हेच असते.

दुसरी पायरी: वीज, जागा आणि हवा

या पायरीकडे शहरातील सल्लागार सहसा दुर्लक्ष करतात आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला नेमकी तीच महागात पडते.

डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर मिळून हलक्या कामात साधारण ८० वॉट वीज घेतात असे धरू. दिवसाला आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस काम केल्यास १६ युनिट होतात. तेच काम २० वॉट घेणाऱ्या लॅपटॉपवर केले तर ४ युनिट लागतात. बारा युनिटांचा फरक लहान वाटतो, पण महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १०० युनिटांनंतर दर चढतो, आणि ज्यांचे बिल नेहमी ९५च्या आसपास असते त्यांना तो फरक जाणवतो.

बिलापेक्षा मोठा प्रश्न लाईट जाण्याचा आहे. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते आणि नवी असताना ती अशा डेस्कटॉपला पंधरा-वीस मिनिटे तारून नेते. त्या वेळेचा उपयोग काम साठवून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, काम पुढे चालू ठेवण्यासाठी नाही. दोन-तीन वर्षांनी ती बॅटरी बदलावी लागते, हा खर्च डेस्कटॉपच्या किमतीत आधीच धरावा. लॅपटॉपची बॅटरी ४० ते ५५ वॉट-तासांची असते. पडद्याचा उजेड बेताचा ठेवून लिहिण्याचे किंवा हिशेबाचे काम केले तर यंत्र दहा वॉटच्या आसपास घेते, म्हणजे ४२ वॉट-तासांची नवी बॅटरी चार तास चालते. ज्या गावात दिवसा दोन-तीन तास लाईट जाते तिथे हा एकच मुद्दा लॅपटॉपच्या बाजूने निकाल देण्यास पुरेसा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर हिशेब बदलतो. मग संगणकाचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारावे आणि त्याच वेळी त्या सॉकेटचे अर्थिंगही तपासून घ्यावे. डेस्कटॉपच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुधा संगणकाचा नसून अर्थिंगचा असतो.

आणखी एक गोष्ट खरेदीनंतरच लक्षात येते. लाईट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण वायफायचा राउटर बंद पडतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस वेगळा मिळतो. जीएसटीचे विवरणपत्र शेवटच्या तारखेला भरणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा.

हवेचाही विचार व्हावा. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात डबाबंद लॅपटॉपपेक्षा मोठ्या पंख्यांचा, मोकळ्या हवेचा डेस्कटॉप बरा टिकतो. पिठाची गिरणी, कापसाचे जिनिंग किंवा रहदारीचा रस्ता शेजारी असेल तर डेस्कटॉपचे झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढणे पाच मिनिटांचे काम आहे. लॅपटॉपचे तळझाकण उघडणे हे प्रत्येकाला जमत नाही. कोकणात आणि गोव्यात खारी दमट हवा कोणत्याच यंत्राला सोडत नाही. तिथे यंत्र आठवडाभर बंद न ठेवता पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालवावे, म्हणजे आतील उष्णतेने ओलावा निघून जातो.

तिसरी पायरी: प्रकार निवडावा

डेस्कटॉप म्हणजे उभा डबा, मॉनिटर, कळफलक आणि माउस. त्या डब्यालाच आपल्याकडे ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर त्याच्या पोटात बिस्किटाएवढा असतो. डेस्कटॉपचा मोठा गुण हा की त्याचा प्रत्येक भाग सुटा आहे. एसएमपीएस (आतील भागांना वीज पुरवणारा डबा) जळाला तर फक्त तेवढाच बदलतो, मॉनिटर गेला तर शेजाऱ्याचा आणून काम चालवता येते, आणि तालुक्याच्या कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात त्याचे सुटे भाग असतात. एकाच जागी बसून दिवसभर काम करणारा, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा, छायाचित्रांचा स्टुडिओ असणारा किंवा टंकलेखन परीक्षेची तयारी करणारा यांच्यासाठी डेस्कटॉपच योग्य. टंकलेखनाच्या विद्यार्थ्याने तर लॅपटॉपच्या उथळ कळांवर सराव करूच नये, कारण परीक्षा केंद्रावर पूर्ण आकाराचा कळफलक समोर येतो.

असेंबल्ड डेस्कटॉप घ्यावा की कंपनीचा, हा जुना वाद आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये भाग निवडून डेस्कटॉप जुळवून घेता येतो आणि त्याच पैशांत अधिक चांगले भाग मिळतात. मात्र प्रत्येक भागाची हमी वेगळ्या कंपनीची असते आणि त्यातील एखादा भाग बिघडल्यास तो काढून नेऊन द्यावा लागतो. पेच काढण्याची भीती वाटत नसेल तर असेंबल्ड घ्यावा, अन्यथा नको.

मिनी पीसी हा प्रकार अजून फार लोकांना माहीत नाही, हे खेदाचे आहे. जेवणाच्या डब्याएवढे हे यंत्र मॉनिटरच्या पाठीवर पेचांनी बसवता येते, लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॉप्टरवर चालते, वीजही तितकीच कमी घेते, आणि बहुतेक मॉडेलांत रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) व एसएसडी (फायली साठवणारी चिपांची डिस्क) बदलता येतात. वीज कमी लागत असल्याने साध्या यूपीएसवर ते डेस्कटॉपपेक्षा बराच अधिक वेळ टिकते. वन बीएचकेमधील कोपऱ्यातल्या टेबलासाठी, दवाखान्याच्या काउंटरसाठी किंवा आजी-आजोबांच्या खोलीतील टीव्हीला जोडण्यासाठी मला याहून चांगला पर्याय दिसत नाही. अ‍ॅपलचा मॅक मिनी याच जातीचा आहे, फक्त त्यातील रॅम नंतर वाढवता येत नाही.

ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरच्या आतच सर्व काही असलेला संगणक, दिसायला देखणा असतो आणि बँकेच्या काउंटरवर शोभतो. घरासाठी मी तो सुचवत नाही. त्यात भाग लॅपटॉपच्या जातीचे, बहुतेकांत बॅटरी नाही, आणि पडदा बिघडला की सारा संगणकच उचलून न्यावा लागतो.

राहिला लॅपटॉप. खरोखर हलवावा लागणारा संगणक हवा असेल तर त्याला पर्याय नाही. इथे ‘खरोखर’ या शब्दावर जरा थांबावे. गेल्या महिन्यात आपण किती वेळा संगणक घेऊन घराबाहेर पडलो असतो, हे मोजून पाहावे. उत्तर शून्य असेल तर लॅपटॉपच्या घडीसाठी पैसे देण्यात अर्थ नाही. रोज विरार किंवा कर्जत लोकलने जाणाऱ्याने १४ इंचांचा, दीड किलोच्या आतला लॅपटॉप घ्यावा. अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप पाठीवर घेऊन गर्दीत उभे राहणे हे वर्षभर जमत नाही.

मावसबहिणीचा प्रश्न डेस्कटॉप आणि लॅपटॉप या दोहोंच्या मधला होता. आठवड्यातून एकदाच बाहेर जायचे, पण दुपारी लाईट जाते. दिवसभर आकडे भरायचे, त्यामुळे उजवीकडचा अंकांचा कळसंच आणि मोठा पडदाही हवा. तिच्यासाठी आम्ही साधा लॅपटॉप, २२ इंचांचा वेगळा मॉनिटर आणि पूर्ण आकाराचा कळफलक असा संच ठरवला. लॅपटॉप एका बाजूला उघडा ठेवायचा आणि मान न वाकवता मोठ्या पडद्यावर काम करायचे. घरून काम करणाऱ्या बहुतेकांना हाच संच लागू पडतो, आणि पाच वर्षांनी लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर व कळफलक तसेच राहतात.

चौथी पायरी: खोक्यावरची चिठ्ठी वाचावी

आता आकड्यांकडे वळू. त्यांचा क्रम मी मुद्दाम दुकानदाराच्या क्रमाच्या उलट लावतो, कारण घरच्या संगणकाचा वेग आधी साठवणुकीवर, मग रॅमवर आणि त्यानंतर प्रोसेसरवर अवलंबून असतो.

साठवणूक एसएसडीचीच असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वाचनवेग सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी, साटा एसएसडीचा सुमारे ५५० एमबी, आणि एनव्हीएमई एसएसडीचा दोन-तीन हजार एमबीच्या घरात असतो. त्यातही हार्ड डिस्कवर बारीकबारीक हजारो फायली उघडताना हा फरक अधिक वाढतो, म्हणूनच जुना संगणक सुरू होईपर्यंत चहा होत असे. क्षमता ५१२ जीबी घ्यावी. खोक्यावर ‘ईएमएमसी’ (स्वस्त यंत्रांतील संथ साठवणूक) हा शब्द दिसला तर ते यंत्र खाली ठेवावे. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी भाचीसाठी एक स्वस्त, नाजूक लॅपटॉप मीच पसंत केला होता. त्यात ३२ जीबीची ईएमएमसी साठवणूक होती. सहा महिन्यांत विंडोजचे मोठे अद्यतन आले आणि ते उतरवून घेण्यापुरतीही जागा त्यात उरली नाही. साठवणूक मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीला, डाख देऊन पक्की केलेली असल्यामुळे बदलण्याचीही सोय नव्हती. ते यंत्र आज पोळपाटासारखे कपाटात उभे आहे.

रॅम आज ८ जीबी ही किमान आणि १६ जीबी ही समाधानाची पातळी आहे. विंडोज ११ची अधिकृत किमान अट ४ जीबीची आहे, पण त्या यंत्रावर ब्राउझरचे दहा टॅब उघडले की संगणक हँग होतो. अनेक सडपातळ लॅपटॉपांत आता रॅमही डाख देऊन बसवलेली असते. ती आहे की नाही हे दुकानातच पाहता येते. नमुन्याचे यंत्र चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’वर जावे. तिथे ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ लिहिलेले असेल तर रॅम सुटी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिले असेल तर ती पक्की आहे, आणि मग जी घ्यायची ती आजच १६ जीबी घ्यावी. खालच्या ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत दोनपैकी एकच खाच वापरलेली दिसली तर उत्तम; ८ जीबीवर सुरुवात करून नंतर दुसरी कांडी टाकता येते, आणि दोन कांड्या एकत्र चालल्याने चित्रांचे कामही वेगवान होते.

प्रोसेसरच्या नावात मात्र पुष्कळ फसगत आहे. ‘आय फाइव्ह आहे, चिंता नको’ हे वाक्य अर्धवट आहे, कारण आय फाइव्ह दहा वर्षांपूर्वीही होता. नावातील आकडे आणि शेवटचे अक्षर वाचावे. इंटेलच्या आय५-१२३५यू या नावात १२ ही पिढी आहे आणि यू हे कमी वीज घेणाऱ्या, बॅटरीवर अधिक चालणाऱ्या प्रोसेसरचे चिन्ह. आय५-१२४५०एच यातील एच म्हणजे अधिक ताकद, अधिक उष्णता आणि कमी बॅटरी. इंटेलने डिसेंबर २०२३पासून ‘कोअर अल्ट्रा’ ही नवी नावे आणली, आणि त्यानंतर ‘अल्ट्रा’ नसलेले ‘कोअर ५’ असेही प्रोसेसर आले. त्यातील कोअर ५ १२०यू हा आधीच्याच पिढीच्या रचनेवर आधारलेला आहे. तो वाईट नाही, परंतु नव्याच्या किमतीत घेऊ नये.

एएमडीचे उदाहरण याहून बोलके आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात. त्या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि तिसरा आकडा आतील रचनेचा आहे. ७५२०यूमधील २ म्हणजे झेन २ ही जुनी रचना आणि चार गाभे (कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील एकाच वेळी काम करणारे भाग). ७५३०यूमधील ३ म्हणजे झेन ३ आणि सहा गाभे. शिवाय ७५२०यू ज्या प्रकारच्या रॅमवर चालतो ती पक्की बसवलेलीच येते. दुकानाच्या फलकावर दोन्हींना ‘रायझन ५’ एवढेच लिहिलेले असते आणि किमतीत दोन-तीन हजारांचा फरक असतो, तो देण्याजोगा आहे.

घरचा वापर आणि हिशेबाचे काम यांसाठी आय थ्री किंवा रायझन ३ची अलीकडची पिढीही पुरते. वेगळे ग्राफिक कार्ड फक्त त्रिमितीय आरेखन, चित्रफिती संपादन आणि गेम यांसाठी लागते. हिशेबाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा आणि आयपीएस प्रकारचा असावा. स्वस्त यंत्रांतील टीएन पडदा थोडा बाजूने पाहिला की रंग उलटतात. हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते: पांढरे पान उघडावे आणि लॅपटॉपची मान मागेपुढे करून पाहावी.

पाचवी पायरी: नवा की वापरलेला

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात आणि ते बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून येतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या व्यावसायिक मालिकांतील यंत्रे मुळातच मजबूत असतात आणि त्यांचे भागही मिळतात, त्यामुळे विद्यार्थ्यासाठी तोच पैसा नव्या कमअस्सल लॅपटॉपपेक्षा इथे सार्थकी लागतो, असे मला वाटते. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिली, प्रोसेसर किमान इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा असावा. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप तसेच साधारणपणे याच पिढ्यांपासूनचे प्रोसेसर लागतात. त्या तारखेनंतर सहाव्या-सातव्या पिढीची पुष्कळ यंत्रे स्वस्तात विकायला निघाली आहेत. लिनक्स टाकून वापरणार असाल तर ती उत्तम आहेत, विंडोजसाठी नाहीत. पळवाटेने विंडोज ११ टाकून देणाऱ्या दुकानदाराचे कौशल्य वाखाणावे आणि पुढच्या दुकानात जावे. दुसरी, बॅटरी. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता ४२,००० आणि आताची पूर्ण क्षमता २९,००० मिलिवॉट-तास दिसली तर बॅटरी ६९ टक्के उरली आहे, आणि नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करण्यास सांगावे. तिसरी, यंत्र सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहावे. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड लागत असेल तर ते यंत्र पूर्णपणे आपले कधीच होत नाही.

सहावी पायरी: बिल आणि हमी

बिल पक्के घ्यावे, त्यावर जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा सिरियल नंबर असावा. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. ४५,००० रुपयांच्या लॅपटॉपमध्ये सुमारे ६,८६४ रुपये कराचे असतात, आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला बिलावर आपला क्रमांक घातल्यास त्याचे क्रेडिट मिळते. धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा आहे, मात्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच. कच्च्या बिलावर हजार-दीड हजार वाचवणारा व्यावसायिक प्रत्यक्षात किती गमावतो, हे यावरून दिसेल.

हमीत ‘ऑनसाइट’ आणि ‘कॅरी-इन’ हा भेद महत्त्वाचा आहे. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन म्हणजे आपण यंत्र सेवा केंद्रात न्यायचे, आणि ते केंद्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. खोक्यावर ऑनसाइट लिहिले असले तरी ती सेवा आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून मगच पैसे द्यावेत. दुर्गम भागात राहणाऱ्याने महागड्या लॅपटॉपपेक्षा साधा डेस्कटॉप घेणे शहाणपणाचे ठरते ते याच कारणाने.

ऑनलाइन घेतल्यास खोके फोडतानाची चित्रफीत अखंड काढावी, सिरियल नंबर खोक्यावर आणि यंत्राच्या तळाशी एकच आहे ना हे त्यात दिसावे. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोके आणि आतील फोम माळ्यावर टाकू नये.

सातवी पायरी: पहिला दिवस

नवा लॅपटॉप ‘चालू करून देतो’ असे दुकानदार आपुलकीने म्हणतो. ते काम आपण स्वतः करावे. विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि घाईत अनेक दुकानदार स्वतःचेच खाते वापरून मोकळे होतात. यंत्राबरोबर मिळालेले ऑफिस ज्या खात्यावर सुरू होते त्याच खात्याशी कायमचे जोडले जाते, शिवाय ते ठरावीक मुदतीत सुरू करावे लागते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नव्या विंडोज ११मध्ये डिस्कवरील माहिती आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची चावी सुरुवातीला वापरलेल्या खात्यात जाऊन बसते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायोसचे अद्यतन झाले आणि यंत्राने ती चावी मागितली, तर ती दुकानदाराच्या खात्यात असेल, आणि तोवर त्याने तो ईमेल बंदही केलेला असेल.

म्हणून आपला ईमेल, आपला फोन क्रमांक वापरूनच यंत्र सुरू करावे. त्यानंतर सर्व अद्यतने होऊ द्यावीत, कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून हमीची तारीख बिलाशी जुळते का पाहावे आणि जुळत नसेल तर बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्यावी. बहुतेक लॅपटॉपांवर विंडोजची ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते. त्या नावाने घाबरू नये. बंधन मेनूंच्या भाषेपुरते आहे, मराठी कळफलक तिथेही जोडता येतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक यूएसबी खाच, कॅमेरा, माइक आणि प्रिंटर एकदा तरी वापरून पाहावा, कारण बदलून मिळण्याची मुदत फार थोडी असते.

मावसबहिणीने हे सर्व त्याच संध्याकाळी केले. खात्यात जाऊन ती कुलपाची चावी पाहिली तेव्हा पडद्यावर ४८ अंक आले. तिने ते सहा-सहाचे गट करून, कामाची यादी लिहिलेल्या त्या कागदाच्या मागच्या बाजूला उतरवले, एकदा मुलाकडून वाचून घेऊन ताडून पाहिले आणि कागद बिलाबरोबर फायलीत लावला.